समुद्र नसलेल्या गावाची आरमारी विद्या

आरमाराचा तळ म्हणजे एक जागा, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्याकडे समजूत म्हणून कुणी पाहतही नाही. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा राहिला, कारण तिथे खडक होता, गोडे पाणी होते आणि भोवती परक्या जहाजांना न मानवणारा खडकाळ समुद्र होता. १६७९ मध्ये मायनाक भंडारी खांदेरीवर माणसे घेऊन उतरला तेव्हा मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले, तेही जागेमुळेच. मुंबई बंदराच्या तोंडावरचे बेट शिवाजी महाराजांच्या हाती जाणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली; पण मराठ्यांच्या छोट्या, उथळ बांधणीच्या होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या जड जहाजांना गुंगारा देऊन रसद पोचवत राहिल्या. पुढे मुंबईत १७५० मध्ये लवजी नसरवानजी वाडिया यांनी सुकी गोदी बांधली, तीही किनाऱ्याच्या दगडात. जागा हेरायची, बांधायची आणि जिवापाड राखायची, हा आरमारी तळाचा जगभरचा रिवाज होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र पॅसिफिक महासागरात असे तळ दिसू लागले की ज्यांचा जवळजवळ प्रत्येक भाग पाण्यावरून ओढत आणला होता. युद्ध पुढे सरकले की बोल्ट सोडवून तो आणखी पुढे नेता येत होता. ही कल्पना महायुद्धाच्या निकडीतून आणि अमेरिकी कारखान्यांच्या अफाट क्षमतेतून जन्मली, असे सहसा सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. निकड इतरांनाही होती. निकडीला नेमके हेच उत्तर सुचावे यासाठी आधी एका विशिष्ट तऱ्हेने विचार करणारी माणसे तयार व्हावी लागतात. ती बऱ्याच अंशी तयार झाली न्यूयॉर्क बंदरापासून सुमारे २४० किलोमीटर आत, हडसन नदीच्या काठी वसलेल्या ट्रॉय या गावात. या तरंगत्या तळांचे बळ आणि त्यांचे दुखणे, दोन्ही तिथल्या नदीकाठच्या विद्येतूनच आले, असे मला वाटते.

ट्रॉयला समुद्र नाही, पण समुद्राची भरती तिथपर्यंत येते. हडसनचे पात्र इतके सपाट आहे की गावाजवळच्या धरणापाशी आजही पाणी दिवसातून दोनदा मीटरभराहून अधिक चढते-उतरते. १८२५ मध्ये एरी कालवा पुरा झाला आणि पश्चिमेकडचा माल इथे हडसनच्या पाण्यात उतरू लागला. रेल्वे आली, लोखंडाचे कारखाने आले. पैलतीरावर वॉटरव्हलिएटचे सरकारी शस्त्रागार १८१३ पासून होतेच. पण गावाचे खरे वैशिष्ट्य होते ते इथे काय बनत असे त्यात. हेन्री बर्डन यांच्या कारखान्यात घोड्याचे नाल बनवणारे यंत्र होते. लोहार ऐरणीवर जो नाल ठोकून घडवी, तो हे यंत्र मिनिटाला साठ या वेगाने बाहेर टाकी, आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतील असंख्य घोडे याच नालांवर धावले. बर्डननी रेल्वेचे रूळ पक्के करणारे खिळेही यंत्रावर काढले. याच गावात १८२० च्या दशकात हॅना माँटेग्यू या गृहिणीने नवऱ्याच्या सदऱ्याची मळकी कॉलर तेवढी कापून वेगळी धुतली, असे सांगतात. त्यातून सुट्या कॉलरींचा असा धंदा फोफावला की ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडले. कॉलरीवरून नौदलाचा इतिहास सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. तरीही नाल, खिळा, कॉलर या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: भाग एकसारखे असावेत, खराब झाला तर तेवढाच बदलावा आणि बनवण्याची जागा वापरण्याच्या जागेपासून कितीही लांब असावी. अख्ख्या गावाचे पोट या हिशेबावर चालत होते.

या कारखानदारीच्या शेजारी एक शाळाही होती. स्टीफन व्हॅन रेन्सेलर या बड्या जमीनदाराच्या पैशातून आणि एमॉस ईटन यांच्या कल्पनेतून १८२४ मध्ये ती सुरू झाली, आणि १८३५ मध्ये तिने सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या. इंग्रजी बोलणाऱ्या जगात अशा पदव्या याआधी कुणी दिल्या नव्हत्या. शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या धर्तीवर अभ्यासक्रमाची फेरमांडणी होऊन तिची रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट झाली. ब्रुकलिन ब्रिज पुरा करणारे वॉशिंग्टन रोबलिंग इथूनच १८५७ मध्ये बाहेर पडले. इथे विद्यार्थी शिकत ते पूल, कालवे, रेल्वे, पाणीपुरवठा, मोजणी. शिडे, वारे, तोफखाना यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. पाण्याकडे पाहण्याची त्यांची नजर खलाशाची नव्हती; ती पूल टाकणाऱ्याची होती. पाणी म्हणजे वजन पेलणारी, पातळी बदलणारी, गणितात बसणारी गोष्ट.

ट्रॉयचा आणि आरमाराचा पहिला मोठा संबंध १८६१ च्या हिवाळ्यात आला. दक्षिणेकडची राज्ये जुन्या लाकडी जहाजावर लोखंड चढवून चिलखती जहाज तयार करत आहेत, हे कळल्यावर उत्तरेच्या सरकारने जॉन एरिक्सन यांच्या विचित्र आराखड्याला होकार दिला. ४ ऑक्टोबर १८६१ चा करार होता. किंमत २ लाख ७५ हजार डॉलर आणि मुदत १०० दिवस. शिवाय अट अशी की जहाज अपयशी ठरले तर घेतलेले पैसे परत करायचे. एवढी जोखीम अंगावर घेणाऱ्या भागीदारांत एरिक्सन आणि कॉर्नेलियस बुशनेल यांच्याबरोबर ट्रॉयचे दोन लोखंडवाले होते, जॉन विन्स्लो आणि जॉन ग्रिस्वोल्ड. विन्स्लो यांच्या कारखान्याचे नाव ‘ऑल्बनी आयर्न वर्क्स’ असले तरी तो होता ट्रॉयमध्ये. ग्रिस्वोल्ड यांचा ‘रेन्सेलर आयर्न वर्क्स’ही तिथेच. जहाजाच्या सांगाड्यासाठी लागणारे अँगल, पट्ट्या, रिव्हेट आणि पत्र्यांचा मोठा वाटा या दोन कारखान्यांनी पुरवला. सांगाडा ब्रुकलिनमध्ये ग्रीनपॉइंटला थॉमस रोलंड यांच्या यार्डात जोडला गेला, इंजिने डेलामेटर यांच्या कारखान्यात बनली, तोफांचा फिरता मनोरा नॉव्हेल्टी आयर्न वर्क्समध्ये. मनोऱ्यासाठी जाड पत्रे इतक्या घाईत लाटून मिळणार नव्हते, म्हणून एक इंच जाडीच्या पत्र्यांचे आठ थर एकावर एक बसवले. ३० जानेवारी १८६२ रोजी जहाज पाण्यात उतरले आणि ९ मार्चला हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत त्याची दक्षिणेच्या चिलखती ‘व्हर्जिनिया’शी गाठ पडली. हे ‘मॉनिटर’.

मॉनिटर तर लढाऊ जहाज, तळाशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध बांधणीच्या पद्धतीचा आहे. नौदलाची वस्तू म्हणजे एका यार्डात, एका मुख्य सुताराच्या नजरेखाली पायापासून शेंड्यापर्यंत वाढत जाणारी वस्तू, हा हजारो वर्षांचा शिरस्ता इथे मोडला. ती वेगवेगळ्या गावांतून मापे पाठवून, भाग मागवून, एका ठिकाणी जोडली गेली. दुसरा धडा वर्ष सरायच्या आत मिळाला आणि तो कडू होता. ‘ऱ्होड आयलंड’ या वाफेच्या जहाजाने मॉनिटरला दक्षिणेकडे ओढून नेत असताना ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे केप हॅटरसजवळच्या वादळात ते बुडाले. १६ जण गेले. त्याचे डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट उंच होते. खाडीत तोफगोळ्यांपासून वाचवणारी ही ठेवण उघड्या समुद्रात त्याच्या मुळावर आली. निवाऱ्याच्या पाण्यात भक्कम आणि भर समुद्रात ओढून नेताना हतबल, अशी ही जोडी पुढच्या सगळ्या तरंगत्या तळांच्या कुंडलीत दिसते.

त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेच्या लाकडी पुलावर इंजिनाची ठिणगी पडून ट्रॉयला आग लागली. पाचशेहून अधिक इमारती जळाल्या, त्यात इन्स्टिट्यूटची वास्तूही गेली. संस्था पुन्हा उभी राहत असताना, १८६५ मध्ये, तिचे अध्यक्ष झाले ते हेच जॉन विन्स्लो. त्याच सुमारास ग्रिस्वोल्ड, विन्स्लो आणि अलेक्झांडर हॉली हे ट्रॉयमध्ये बेसेमर पद्धतीने पोलाद काढण्याच्या खटपटीत होते. विन्स्लो १८६८ पर्यंत अध्यक्ष होते आणि १८६८ मध्येच न्यू जर्सीच्या मेज लँडिंगचा मॉर्डेकाय एंडिकॉट हा तरुण तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. या दोघांत काय बोलणे झाले, झाले का, हे शोधण्यात अर्थ नाही. मॉनिटरचे अँगल लाटणारा कारखानदार जिचा अध्यक्ष होता त्या शाळेत हा मुलगा घडला, एवढे पुरे. एंडिकॉट पुढे १८७४ मध्ये नौदलात सिव्हिल इंजिनिअर झाले. नौदलात असे इंजिनिअर नेमण्याचा कायदा १८६७ चाच. त्यामुळे या मंडळींचा दर्जा काय, हुद्दा काय, जेवायला कुणाच्या पंक्तीला बसायचे, हे वाद कितीतरी वर्षे चालले. दर्यावर्दी अधिकाऱ्यांच्या लेखी ते धक्के आणि गोदामे बांधणारे गवंडी होते. गोद्या आणि नौदलाची आवारे सांभाळणाऱ्या खात्यावरही, म्हणजे ब्युरो ऑफ यार्ड्स अँड डॉक्सवरही, दर्यावर्दीच प्रमुख असत. एप्रिल १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध तोंडावर असताना, ही जागा प्रथमच एका सिव्हिल इंजिनिअरला मिळाली. तो एंडिकॉट.

एंडिकॉट दुसऱ्या कुठल्या शाळेत शिकले असते तर काय बिघडले असते, हा आक्षेप वाजवी आहे. पण १८६८ च्या अमेरिकेत अशी शाळा निवडायची तर पर्याय मोजकेच होते. अॅनापोलिसची नौदल अकादमी नावाडी आणि तोफची घडवत होती, वेस्ट पॉइंटचे इंजिनिअर भूदलाचे होते. नौदलाला नागरी बांधकामाची नजर हवी असेल तर ती बाहेरूनच आणावी लागणार होती, आणि ती देणारी सर्वांत जुनी शाळा ट्रॉयमध्ये होती. शिवाय एंडिकॉट एकटे नव्हते. पुढच्या पिढ्यांत नौदलाच्या सिव्हिल इंजिनिअर कोअरमध्ये जाणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांना पुढच्या शिक्षणासाठी मुद्दाम रेन्सेलरला धाडण्याची रीतच पडली. एकदा घडते तो योगायोग म्हणता येईल, रीत पडली की तिला वेगळे नाव द्यावे लागते.

१८९८ च्या युद्धाने एंडिकॉट यांच्यापुढे एक प्रश्न उघडा करून ठेवला. कमोडोर जॉर्ज ड्युई यांचा ताफा हाँगकाँगला होता. तिथल्या गोदीत ‘बाल्टिमोर’ ही क्रूझर शेवटच्या घटकेला घेऊन तिचा बुडता भाग खरवडून रंगवला गेला आणि मग ब्रिटिशांच्या तटस्थतेमुळे ताफ्याला बंदर सोडावे लागले. मनिलाची लढाई जिंकली, फिलिपाइन्स हाती आले, पण मोठी लढाऊ जहाजे कोरडी करायला तिथे अमेरिकेची स्वतःची गोदी नव्हती. उष्ण पाण्यात जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कालवे बघता बघता चिकटतात. वेग घटतो, कोळसा जास्त जळतो. गोदी नसलेल्या आरमाराचा प्रत्येक महिना त्याला मंद करत जातो. दगडी गोदी बांधायला कित्येक वर्षे लागतात, आणि बांधल्यावर तळ दुसरीकडे न्यायचे ठरले तर ती तिथेच राहते. एंडिकॉट यांच्या खात्याने तरंगती गोदी निवडली. १९०१ मध्ये अशी एक मोठी गोदी मेरीलंडच्या स्पॅरोज पॉइंटला बांधून न्यू ऑर्लिन्सजवळच्या अल्जियर्सला नेली होती; आता तिच्या जातीची दुसरी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची होती.

तरंगती गोदी म्हणजे आतून पोकळ पोलादी पेट्यांची फरशी आणि तिच्या दोन्ही कडांवर उभ्या पोकळ भिंती. पेट्यांत पाणी घेतले की फरशी बुडते, भिंतींचे माथे तेवढे वर राहतात. जहाज आत येते, फरशीवर मांडलेल्या लाकडी ठोकळ्यांवर त्याचा कणा नेमका बसवतात आणि पंपाने पेट्यांतले पाणी उपसू लागतात. फरशी जहाजासह वर येते आणि काही तासांनी माणसे त्याच्या पोटाखाली उभी राहून काम करू लागतात. ‘ड्युई’ हेच नाव मिळालेली ही गोदी ५०० फूट लांब होती आणि तिची फरशी तीन तुकड्यांची होती, मधला मोठा, टोकांचे दोन लहान. यातली खुबी अशी की एका तुकड्याला गंज चढला किंवा भोक पडले तर तो सुटा करून उरलेल्या गोदीनेच तो पाण्याबाहेर उचलायचा. जहाजे दुरुस्त करणारी ही वस्तू स्वतःचीही दुरुस्ती करू शकत होती. तिला दुसऱ्या कुणाच्या गोदीचे मिंधे राहायला नको होते. कमांडर हॅरी हॉस्ले यांच्या हुकुमाखाली ‘ग्लेशियर’, ‘ब्रूटस’, ‘सीझर’ आणि ‘पोटोमॅक’ या जहाजांनी २८ डिसेंबर १९०५ रोजी तिला चेसापीकच्या पाण्यातून ओढायला घेतले. अटलांटिक, भूमध्य समुद्र, सुवेझ कालवा, हिंदी महासागर, सिंगापूर असा प्रवास करून १० जुलै १९०६ रोजी ती फिलिपाइन्समध्ये ओलाँगापोला पोचली. वाटेत दोर तुटत, गोदी वाऱ्याने भरकटे, पुन्हा पकडून जोडावी लागे. मॉनिटर जिथे हरले तिथे ही टिकली, पण साडेसहा महिने घेऊन. १९१० च्या मे महिन्यात ती बंदरात उभ्याउभ्या बुडाली आणि महिनाभराने पुन्हा वर काढली गेली. १९४२ च्या एप्रिलमध्ये बाटान पडताना जपानी हाती लागू नये म्हणून अमेरिकी लोकांनीच ती मारिवेलेसला बुडवली.

ब्रिटिशांनी तर १८६९ मध्येच ३८१ फुटांची तरंगती गोदी बर्म्युडाला नेली होती आणि शेवटच्या टप्प्यात तिला ओढायला ‘वॉरियर’ आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ ही चिलखती जहाजे जुंपली होती. कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडची खंडांची गोदी त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, तुकड्या-तुकड्यांनी केप हॉर्नला वळसा घालून नेण्यात आली. मग ट्रॉयचे वेगळेपण ते काय? तरंगती गोदी ट्रॉयने शोधली असे मी म्हणत नाही. पण बर्म्युडाची गोदी बर्म्युडासाठी होती. तिने तिथे जायचे आणि तिथेच गंजायचे. मेअर आयलंडची तशीच. त्या तरंगत्या असल्या तरी मनाने किनाऱ्याच्याच होत्या. गोदी सोडवता यावी, पुन्हा जोडता यावी आणि युद्धाच्या मागोमाग चालवता यावी, ही पुढची पायरी होती. ती चढायला सुटे, एकसारखे भाग ही कारखान्याची शिस्त आणि पूल बांधणाऱ्याचे गणित एकत्र यावे लागले. ‘ड्युई’च्या तीन तुकड्यांत त्याची पहिली चाहूल आहे.

ही पायरी पुरी चढली ती दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा या खात्याचे प्रमुख अॅडमिरल बेन मोरील होते आणि त्यांच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर होते लुइस कूम्ब्स, रेन्सेलरचे १९१६ चे पदवीधर. बांधकाम करणाऱ्या नौसैनिकांच्या पलटणी, म्हणजे प्रसिद्ध ‘सीबी’, उभ्या करण्यात मोरील यांच्या बरोबरीने कूम्ब्स यांचा हात होता. याच खात्यातले जॉन लेकॉक यांनी युद्धाआधीच एक पोलादी पेटी तयार करत आणली होती: पाच फूट उंच, पाच फूट रुंद, सात फूट लांब, चहूबाजूंनी बंद, वजन टनाच्या आसपास. सिगारची रिकामी खोकी एकमेकांना जोडून त्यांनी ही कल्पना आधी मेजावर तपासली, असे सांगतात. पेट्या रांगेने ठेवायच्या आणि त्यांच्या कडांवरून लांब अँगल घालून बोल्टांनी आवळायच्या, की तुळईसारखी ताठ ओळ तयार होते. या जोडसामानाला सीबी लोक गमतीने ‘दागिने’ म्हणत. दोन ओळी जोडल्या की उतरायचा धक्का, जास्त जोडल्या की तराफा, मोटर बसवली की स्वतः चालणारी बार्ज, कडेला भिंती उभ्या केल्या की लहान बोटींसाठी तरंगती गोदी. १९४३ च्या जुलैत सिसिलीच्या उथळ किनाऱ्यावर मोठी जहाजे काठापासून लांब अडकू लागली, तेव्हा त्यांच्याच कुशीला बांधून आणलेल्या या ओळी पाण्यात सोडून रणगाडे कोरड्याने उतरवले गेले. १८६१ मध्ये ट्रॉयहून मॉनिटरसाठी गेलेला अँगल आणि या पेट्या आवळणारा अँगल यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे. काम मात्र तेच, वेगळ्या गावांत बनलेल्या भागांना एका रेषेत धरून ठेवण्याचे.

मोठ्या जहाजांसाठी हेच सूत्र मोठे करण्यात आले. ‘अॅडव्हान्स बेस सेक्शनल डॉक’ या नावाच्या गोद्यांचा एकेक खंड २५६ फूट लांब, ८० फूट रुंद आणि १० हजार टन उचलणारा होता. असे दहा खंड शेजारी-शेजारी जोडले की ९०० फुटांहून लांब गोदी होई, कुठलीही लढाऊ नौका पोटात घेणारी. ओढत नेताना वाऱ्याचा मार बसू नये म्हणून प्रत्येक खंडाच्या उंच भिंती फरशीवर आडव्या निजवत आणि मुक्कामी पोचल्यावर उभ्या करत. एवढ्या एका तपशिलात ‘ड्युई’चा प्रवास कुणीतरी नीट वाचला होता हे दिसते. अशी एक गोदी एस्पिरितू सांतो बेटापाशी, दुसरी मानुसच्या सीॲडलर बंदरात उभी राहिली. १९४४ च्या अखेरीस ‘आयोवा’सारखी महाकाय नौका हजारो मैलांवरच्या पर्ल हार्बरला न जाता मानुसलाच कोरडी झाली. पुढे ग्वामलाही गोदी गेली.

इथे दर्यावर्दी मंडळींची बाजू ऐकायला हवी. ते म्हणतील, गोद्या आणि पेट्या हा सगळा सरंजाम ठीक. पण पॅसिफिकमधला खरा तरंगता तळ म्हणजे वॉरल कार्टर यांच्या हाताखालची दहावी सर्व्हिस स्क्वाड्रन. १९४४ च्या सुरुवातीपासून मॅजुरो, एनीवेटोक आणि मग उलिथीच्या खाजणात तेलवाहू जहाजे, दारूगोळ्याची जहाजे, दुरुस्तीची जहाजे, काँक्रीटच्या बार्जेस यांचा ताफा नांगर टाकून बसला आणि १९४५ च्या वसंतात उलिथीत सहाशेहून अधिक जहाजे एकाच वेळी उभी होती. ते काम खलाशांचे होते, इंजिनिअरांचे नव्हे. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. भर समुद्रात चालत्या जहाजाला तेल देण्याची कला तर पूर्णपणे दर्यावर्दींचीच. पण उलिथीतला जमाव नीट पाहिला तर तो शहरासारखा दिसतो. पाणीपुरवठा वेगळा, कोठार वेगळे, इस्पितळ वेगळे, कारखाना वेगळा, प्रत्येक काम एका सुट्या तरंगत्या वस्तूत घातलेले आणि गरजेप्रमाणे एखादी वस्तू उचलून पुढच्या बेटाकडे धाडलेली. नगराचे असे विभाग पाडायला शिकवणारी विद्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या वर्गातली आहे. खलाशांनी ती आपलीशी केली, यातच तिचा जय आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि त्याला पुरते उत्तर देता येत नाही. हे तळ समुद्रावरचे म्हणवतात, पण ते सगळे निवाऱ्यात बसलेले आहेत. मॅजुरो, एनीवेटोक, उलिथी ही प्रवाळांच्या कड्याने वेढलेली खाजणे. मानुसचे बंदर बेटांआड. निसर्गाने बांधलेला बांध नसता तर दहा खंडांची गोदी काही दिवसही टिकली नसती. जिथे असा बांध नव्हता तिथे काय झाले ते नॉर्मंडीत दिसले. १९४४ च्या जूनमध्ये ओमाहा किनाऱ्यावर उभारलेले अमेरिकी कृत्रिम बंदर १९ जूनला सुटलेल्या वादळाने चार दिवसांत मोडून टाकले. आरोमांशजवळचे ब्रिटिश बंदर मार खाऊनही वाचले. नदीकाठी शिकलेल्या विद्येत पाणी चढते, उतरते, वाहते. पण दहा फुटी लाट होऊन सांध्यावर आपटत नाही. पेटीला पेटी जोडून तळ बांधायचा तर सगळे ओझे सांध्यावर येते. लाटेचा माथा एका खंडाखाली आणि दरी शेजारच्या खंडाखाली आली की दोन्ही खंड सांध्याला उलट्या दिशांनी पिळतात. ट्रॉयच्या पुलांवर हा प्रश्न कधी आला नव्हता.

पुढच्या काळाने हे दुखणे पुन्हा पुन्हा दाखवले. १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाने भर समुद्रात राहणाऱ्या तळाचा गंभीर अभ्यास करवला. अर्धबुडी पाच खंड, प्रत्येक सुमारे तीनशे मीटरचा, जोडून दीड किलोमीटर लांबीचा तरंगता रस्ता, ज्यावर मोठी मालवाहू विमाने उतरतील. तो तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे असा निष्कर्ष निघाला. पण खर्च अब्जावधी डॉलरचा होता, सांधे हीच सगळ्यात अवघड बाब ठरली आणि तळ कागदावरच राहिला. २०२४ मध्ये गाझाच्या किनाऱ्यावर मदत उतरवायला अमेरिकेने धक्का टाकला, तो मालवाहू कंटेनरच्या मापाचे तरंगते खंड जोडून. लेकॉक यांच्या पेटीचा तो सरळ वंशज. साधारण सव्वा मीटरपर्यंतच्या लाटांसाठी तो बेतलेला होता. मेच्या मध्यावर तो जोडला गेला, दहा दिवसांच्या आत लाटांनी त्याचे तुकडे किनाऱ्यावर नेऊन टाकले, दुरुस्ती झाली, पुन्हा काढून ठेवावा लागला, आणि २३ कोटी डॉलरच्या अंदाजी खर्चात तो जेमतेम वीस दिवस चालला. जुलैत तो कायमचा गुंडाळण्यात आला.

भारताच्या नौदलाचीही ‘एफडीएन-२’ ही १८५ मीटर लांबीची, ८ हजार टनांपर्यंतच्या जहाजांना उचलणारी तरंगती गोदी आहे. लार्सन अँड टुब्रोने ती चेन्नईजवळ कट्टुपल्लीला बांधली आणि जून २०१७ मध्ये पाण्यात उतरवली. तिची नेमणूक झाली अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, म्हणजे पुन्हा बेटांच्या कुशीतल्या शांत बंदरात. निवाऱ्याचा हा धागा मागे ट्रॉयपर्यंतच जातो. महायुद्ध संपल्यावर नौदलातून निवृत्त झालेले लुइस कूम्ब्स ट्रॉयला परतले आणि रेन्सेलरच्या सिव्हिल इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या पिढीने समुद्रावर तळ उभारण्याचा जो प्रश्न सोडवला तो निवाऱ्यातल्या पाण्याचा होता. खुल्या दर्यातल्या सांध्याचा प्रश्न नॉर्मंडीत त्यांच्यापुढे आला, पण त्यांच्याकडून सुटला नाही, आणि तो अजून कुणी सोडवलेला नाही.